कंपासपेटीचं झाकण

बाईंच्या लक्षात आलं ते खिडकीमुळे. फळ्यावर मागणीची रेघ डावीकडून उजवीकडे उतरवून, तिच्या टोकाला नीटस अक्षर घालून, बोटांवरचा खडू झटकत त्या वळल्या, तर बाहेर मैदानात सातवीची पोरं एकमेकांच्या मागे धावत होती आणि पाण्याच्या नळापाशी चांगली लांब रांग लागली होती. म्हणजे मधली सुट्टी झाली होती, आणि आत्ताच्या आत्ता झाली असती तर रांग इतकी लांब नसती. समोर मात्र त्यांचा दहावीचा वर्ग अख्खाच्या अख्खा बसलेला. कुणी डब्याला हात लावलेला नाही, कुणी दाराकडे बघत नाही. "घंटा झाली का रे?" त्यांनी विचारलं, शक्य तितक्या सहज. पुढच्या बाकावरचा वकील उभा राहिला. हे नाव त्याला वर्गानेच दिलं होतं, कारण गरज आणि इच्छा यांतला फरक शिकवताना त्याने बाईंना एक पूर्ण तास भांडायला लावलं होतं. "झाली बाई," तो म्हणाला, तोंड सरळ त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सुटा. "पण तुमचं वाक्य पुरं व्हायचं होतं." मागून कुणीतरी काहीतरी बोललं आणि वर्ग हसला. ते हसू बाईंना दिसलं, ऐकू आलं नाही. "बरं, पुरे झालं कौतुक. पळा आता," त्या म्हणाल्या, आणि वर्ग पळाला.

रिकाम्या वर्गात डस्टर हातात घेऊन त्या उभ्याच राहिल्या. काहीतरी राहिलं होतं, रोज असतं ते आज नव्हतं, आणि काय ते सुचत नव्हतं. घराला कुलूप लावलं की नाही हे रस्त्यात आठवेनासं व्हावं, तशी चुटपुट. मग शेवटच्या बाकावरची रिकामी जागा दिसली. भोंगा आज आली नव्हती, तापाने पडली आहे असं सकाळी हजेरीला कुणीतरी सांगितलं होतं. भोंगा म्हणजे उंच, हाडापेराने मोठी, आणि आवाज असा की दोन वर्ग पलीकडच्या भूगोलाच्या सरांनी एकदा दार उघडून विचारलं होतं, की इकडे कुणाला मारतायत का. ही मुलगी रोज तास संपला की आपल्या पत्र्याच्या कंपासपेटीचं झाकण बाकावर असं आपटायची, की जमिनीच्या लाकडी फळ्यांतून तो दणका फळ्यापुढच्या लाकडी चौथऱ्यापर्यंत यायचा, आणि चपलांच्या तळव्यांतून बाईंच्या पोटरीत शिरायचा. बाईंनी तिला किती वेळा झापलं होतं! "घंटा झाली की तुला एक क्षण धीर धरवत नाही का गं? इतका वैताग आलाय अर्थशास्त्राचा?" ती उभी राहायची, "सॉरी बाई," म्हणायची, तेही अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दणका. बाई पुस्तक मिटायच्या. इतके महिने त्यांना वाटत होतं की आपण घंटा ऐकून पुस्तक मिटतो. घंटा त्यांनी ऐकलीच नव्हती. त्यांनी ऐकली होती ती कंपासपेटी.

स्टाफरूममध्ये त्या नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या, भिंत डाव्या हाताला राहील अशा, कारण डावा कान आधी गेला होता. तो गेला हे त्यांना ठाऊक होतं. उजवाही त्याच वाटेने निघालाय हे ठाऊक असूनही त्यांनी स्वतःला कळू दिलं नव्हतं. पूर्वी शाळेत पितळेची थाळी होती. शिपाईमामा तिच्यावर लाकडी हातोडा असा घालायचे की मेलेला उठून बसेल. मग ती जाऊन विजेची घंटा आली, आणि तिचा आवाज इतका बारीक आणि किरटा की बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "ही काय घंटा आहे? हिला कुणी जेवायला घालत नाही का?" सगळे हसले होते. मात्र ती घंटा इतरांना स्पष्ट ऐकू येत होती. धाकट्या बहिणीने तेव्हाच ओळखलं. "ताई, मशीन लावून घे कानाला. चष्मा लावतेस ना, मग कानाने काय घोडं मारलंय?" बाई म्हणाल्या होत्या, तू हळू बोलतेस. त्यावर धाकटी ओरडून म्हणाली होती, "मी? मी हळू बोलते?" आणि ते खरंच होतं, त्यांच्या घरात हळू बोलायची कुणाला सवयच नव्हती. वडिलांमुळे. वडील छापखान्यात यंत्रावर होते. यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी दोन शब्दांवर काढलं, "हो, हो. बरोबर." काहीही विचारा, हो हो, बरोबर. एकदा शेजारचे गृहस्थ दारात येऊन आपली आई गेल्याचं सांगू लागले, तर वडील प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "वा, छान झालं. कधीतरी व्हायलाच हवं होतं." पुढे कित्येक वर्षं घरात ही गोष्ट हसून हसून सांगितली जायची, आणि सगळे हसताहेत हे बघून वडीलही हसायचे. बाईही हसल्या होत्या. पण लहानपणीच कुठेतरी त्यांनी ठरवून टाकलं होतं, की आपण काहीही होऊ, तसलं हो हो करणारं माणूस होणार नाही.

चहा समोर आला. इतिहासाचे सर काहीतरी म्हणाले आणि बाईंनी मान डोलावली, आणि मान डोलावल्याचं लक्षात येऊन त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. गेल्या महिन्यात याच सरांनी त्यांना विचारलं होतं, "काय जादूटोणा केलात हो या वर्गावर?" कारण सहामाहीचे गुण लागले तेव्हा, ज्या वर्गाला नववीत अर्थशास्त्र म्हटलं की पोटात दुखायचं, तो वर्ग शाळेत पहिला आला होता. नुसते हुशार चार जण नव्हेत, अख्खी मागची बाजू वर उचलली गेली होती. बाईंनी नाक जरा वर करून एकच शब्द सांगितला होता, शिस्त. फार वर्षांपूर्वी त्या अगदी नवख्या होत्या, वर्ग त्यांना चेंडूसारखा इकडून तिकडे टोलवायचा, आणि त्या मधल्या सुट्टीत मोरीत जाऊन रडायच्या, तेव्हा एका म्हाताऱ्या सरांनी त्यांना जवळ बसवून सांगितलं होतं, "पोरी, ओरडू नकोस. ओरडणाऱ्यापुढे वर्ग ओरडतो. एकेकाला उभं कर, तुझ्याकडे बघायला लाव, मग बोलू दे. आणि वर्ग असा पाहिजे की खडू ऐकू आला पाहिजे." तो मंत्र बाईंनी जन्मभर जपला होता. उभा राहा, माझ्याकडे बघ, मग बोल. आणि या वर्षीचा वर्ग तर काय, फळ्याकडे तोंड केलं की मागे टाचणी पडली तरी कळावी अशी शांतता. आयुष्यभर जी शांतता कमवायची धडपड केली, ती शेवटी हाताला लागली असं वाटून त्या कधीकधी रिक्षात एकट्याच खूश व्हायच्या. आता चहाच्या कपाकडे बघताना त्यांनी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. खडू ऐकू आला होता का? या वर्षात, एकदा तरी? त्यांना आठवेना. खडू बोटांत थरथरल्याचं आठवत होतं, आवाज आठवत नव्हता.

मग एकेक गोष्ट पदरात पडू लागली, नको नको म्हटलं तरी. दिवाणखान्यातल्या पाहुण्यांसारखी पोरं जागा बदलून बसली होती ती सहामाहीच्या बऱ्याच आधी. वकिलाने येऊन विचारलं होतं, "बाई, आम्ही जरा जागा बदलू?" आणि बारीक आवाजाची सगळी पोरं पुढे आली, खणखणीत आवाजाची मागे गेली. बाईंना वाटलं, वा, अभ्यासाची गोडी लागली! म्याऊ नावाची ती एवढीशी मुलगी, जिचा आवाज तिच्या स्वतःच्या आईला तरी ऐकू येतो की नाही शंकाच, ती तर थेट त्यांच्या उजव्या हाताला, पहिल्या बाकावर. आणि कुणीही काही विचारलं की मागून भोंगा उठणार. "बाई, ती विचारतेय की पुरवठा वाढला तर भाव का पडतो!" बाई म्हणायच्या, "तुला तिने नेमलंय का गं? तिला जीभ नाही?" भोंगा नुसती दात काढायची. इतर विषयांना ही व्यवस्था नव्हती. भूगोलाचे सर तर परवाच म्हणत होते की ती भोंगा आता बरीच निवळली आहे, तोंडातून शब्द काढत नाही. म्हणजे सगळा आवाज ती बाईंसाठी साठवून ठेवत होती. म्हणजे वर्गाला ठाऊक होतं. सगळ्यांना, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, आणि एकाही पोराने घरी, दारी, स्टाफरूमच्या दारात, अवाक्षर काढलं नव्हतं. या वयाची पोरं! ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही!

बाईंना आधी राग आला, हे इथे सांगून टाकलेलं बरं. आपण वर्ग सांभाळतोय असं समजत होतो आणि वर्ग आपल्याला सांभाळत होता, ही गोष्ट घशाखाली उतरायला सोपी नव्हती. आपलं हसं झालं असेल, नक्कल झाली असेल, पोरांनी पैजा लावल्या असतील. पण त्या शोधत गेल्या आणि हसं कुठे सापडेना. सापडली ती तोंडं. बोलताना समोरचा हात बाजूला केलेली तोंडं. वर्षाच्या सुरुवातीला हनुवटी छातीला लावून पुटपुटणारी पोरं आता मान वर करून, ओठ नीट हलवून बोलत होती, आणि ते बाईंनी शिकवलं म्हणून नव्हे, बाईंना लागत होतं म्हणून. घटत्या उपयोगितेचा नियम शिकवताना त्या दरवर्षी पाण्याच्या पेल्याचं उदाहरण द्यायच्या, पहिला पेला अमृत, दुसरा बरा, पुढे पुढे नको नको होतं. यांनी रोज न कंटाळता पेला भरून पुढे केला होता आणि त्याचा कुणाला कंटाळा आला नव्हता. कुठल्या धड्यात बसवायचं हे? बाईंचे डोळे भरून आले. स्टाफरूममध्ये डोळे भरून येणं हा प्रकार त्यांना मुळीच मान्य नव्हता, म्हणून त्यांनी चष्मा काढून पदराने उगाचच जोरजोरात पुसला. इतके उपकार आणि आपल्याला पत्ता नाही. नुसता पत्ता नाही असं नव्हे, आपण झापत होतो.

पण उपकार मानून भागणार नव्हतं, कारण मधल्या सुट्टीनंतर याच वर्गावर जोडतास होता आणि त्या तासाला पाहुणी येणार होती. ही विद्यापीठात संशोधन करणारी एक तरुण मुलगी. वर्गनियंत्रण आणि माध्यमिक विद्यार्थ्यांची अर्थशास्त्रातली प्रगती असा तिचा विषय, आणि मुख्याध्यापिकांनी मोठ्या अभिमानाने तिला बाईंचा वर्ग दाखवायचं कबूल केलं होतं. स्वतः मुख्याध्यापिकाही येऊन बसणार होत्या. आणि आज भोंगा नव्हती. उघडकीला आलं तर काय होतं हे बाईंनी डोळ्यांनी बघितलं होतं. गणिताच्या सरांची नजर अधू झाली तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, परीक्षेच्या वर्गाला धोका नको. सरांना गुलाबाचं फूल दिलं, दोन शब्द बोलले गेले, आणि त्यांना वाचनालयात बसवलं, जिथे चारी बाजूंनी पुस्तकं आणि एकही वाचता येत नाही. ते अजून तिथेच बसतात. हातून दहावीचा वर्ग जाणं म्हणजे नोकरी जाणं नव्हे, हे त्यांना समजत होतं. पगार तोच राहिला असता. पण सकाळी उठून केस विंचरायचे कशासाठी, असा प्रश्न पडला असता. आणि आता, आत्ता या चहाच्या वेळेला, ज्या वर्गाने आपल्यासाठी इतकं केलं हे कळलं, तो वर्ग परीक्षेच्या तोंडावर सोडायचा?

पाहुणी भोंगाच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली. मुख्याध्यापिका दाराजवळ खुर्ची टाकून बसल्या. बाईंनी सकाळची रेघ पुन्हा काढली आणि संत्र्यांवरून सुरुवात केली. पहिला भाग सुरळीत गेला. वर्ग आज जरा जास्तच शहाण्यासारखा वागत होता. सगळे सावध आहेत, कान आणि डोळे टवकारून आहेत, हे त्यांना दिसत होतं, आणि आता ठाऊक असल्यामुळे ते बघवतही नव्हतं. वकील तर खुर्चीच्या टोकावर बसावं तसा बाकाच्या टोकावर बसला होता. मग म्याऊ उभी राहिली. पाहुण्यांसमोर ती अधिकच आक्रसली होती, डोळे फळ्यावरच्या रेघेवर, केस चेहऱ्यावर. तिचे ओठ हलले. बाईंनी वाट बघितली. मागून काही आलं नाही. सगळा वर्ग बाईंकडे बघत होता, दाराजवळची खुर्ची बघत होती, आणि म्याऊच्या चेहऱ्यावर एक आर्जव होतं, आपलं बरोबर असावं असं. आणि बाईंच्या तोंडून, कुठून तरी छापखान्यातून निघून, इतकी वर्षं वाट बघत बसलेलं ते बाहेर पडलं. "हो, हो. अगदी बरोबर. शाब्बास! सगळ्यांनी लिहून घ्या."

कुणीही लिहून घेतलं नाही. फक्त पाहुणीने लिहून घेतलं. म्याऊ वळून मैत्रिणीकडे बघू लागली, तिच्या चेहऱ्यावरचं आर्जव जाऊन तिथे गोंधळ आला होता, आणि मुख्याध्यापिकांच्या भुवया हळूहळू कपाळाकडे निघाल्या. तेवढ्यात वकील ताडकन उठला. पाठ पाहुणीकडे, तोंड बाईंकडे, आणि आवाज असा की भोंगाने पाठीवर थाप दिली असती. "बाई, हिने विचारलं की संत्री महाग झाली की लोक जास्त संत्री घेतील, असंच ना! आणि तुम्ही बरोबर म्हणालात! तुम्ही मुद्दाम चूक केलीत ना बाई? आम्ही पकडतो का ते बघायला? आम्ही पकडली!" आणि वर्गाने, काय पोरं म्हणावीत, एका दमात माना डोलावल्या. हो, हो, मुद्दाम. बाई नेहमी करतात असं. मुख्याध्यापिकांच्या भुवया जागेवर आल्या. पाहुणी कौतुकाने हसली आणि पुन्हा लिहू लागली, बहुधा ही पद्धत तिच्या संशोधनात नवीन होती.

झालं, सुटका झाली होती. वकिलाने दार उघडून धरलं होतं आणि बाईंना फक्त बाहेर पडायचं होतं. "शाब्बास, पकडलीत," एवढं म्हणायचं आणि पुढे चालायचं. ते शब्द त्यांच्या जिभेवर आलेही. पण त्यांची नजर म्याऊवर गेली. म्याऊ अजून उभीच होती. तिला बाईंनी शाब्बास म्हटलं होतं, या वर्षात पहिल्यांदा सगळ्यांदेखत, आणि आता ती शाब्बासकी खोटी निघाली होती. आपल्याला मूर्ख ठरवायला बाईंनी मुद्दाम हो म्हटलं असं तिला वाटत असणार, आणि तरीही ती इतरांसारखीच मान डोलावत होती. मुद्दाम, हो, मुद्दाम. बाईंना वडील आठवले, सगळे हसताहेत म्हणून हसणारे. ते हसायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काय होतं हे बाईंनी कधी बघितलंच नव्हतं. तेच आत्ता पहिल्या बाकावर होतं. पोरांनी आपली लाज झाकली, ठीक आहे, त्याचं ऋण फिटायचं नाही. पण झाकायला हीच चादर ओढायची का, या एवढ्याशा पोरीच्या अंगावरची?

"नाही," बाई म्हणाल्या. "वकीलसाहेब, खाली बसा. केस चांगली लढलात, पण अशील खोटं बोलणार नाही." वर्ग हसला नाही. "मी मुद्दाम नाही चुकले. हिने काय विचारलं ते मला ऐकूच आलं नाही. मला बरंच काही ऐकू येत नाही, आणि हे तुम्हाला माझ्याआधी कळलंय." त्या चौथऱ्यावरून उतरल्या, म्याऊच्या बाकाशी गेल्या आणि खाली वाकल्या, उजवा कान तिच्याकडे करून. "विचार परत. प्रश्न चांगला होता, उत्तर माझं चुकलं." म्याऊने विचारलं. या वेळी तिने केस कानामागे घेतले होते. बाईंनी तिला संत्र्यांचं पहिल्यापासून समजावून सांगितलं, महाग झाली की तुझी आई काय करेल, दोन कमी घेईल की दोन जास्त, आणि म्याऊ म्हणाली, आमच्या घरी बाबा घेतात आणि ते भाव विचारतच नाहीत. तेव्हा कुठे वर्ग हसला, आणि बाईंनाही हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी सरळ होऊन सगळ्यांकडे बघितलं. मुख्याध्यापिका खुर्चीत ताठ बसल्या होत्या. आता जे व्हायचं ते होईल, असं बाईंना वाटलं. "अजून एक राहिलंय," त्या म्हणाल्या. "इतके महिने तुम्ही मला सांभाळून घेतलंत. मी मात्र शिस्त, शिस्त करत मिरवले. माझ्या घरच्यांनी केलं नसतं इतकं केलंत तुम्ही. मी तुमची फार आभारी आहे. भोंगाला कुणीतरी जाऊन सांगा, तिला मी झापलं ते सगळं परत घेते म्हणावं."

तास संपल्यावर पाहुणी त्यांच्यापाशी आली. बिचारी चांगली होती, नीट समोर येऊन, हळूहळू बोलली. ती म्हणाली, बाई, एक विचारू? तुमचा वर्ग शांत असतो असं तुम्हाला वाटतं का? बाई म्हणाल्या, म्हणजे काय, अगदी शांत. पाहुणीने ओठ दाबून हसू आवरलं. "अहो, पूर्ण वेळ कुजबुज चालू असते. तुम्ही फळ्याकडे वळलात की प्रत्येक बाकावर कुणीतरी दुसऱ्याला समजावत असतं. माझ्या शेजारची तर दोघांना एकदम शिकवत होती. मी इतके वर्ग बघितले, शांत पण बघितले आणि दंगेखोर पण. धड्याबद्दल इतकं बोलणारा वर्ग नाही बघितला." बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. कान शाबूत असते तर ही कुजबुज त्यांनी पहिल्याच दिवशी मोडून काढली असती. खडू ऐकू आला पाहिजे ना! एकेकाला उभं केलं असतं, तोंड बंद केलं असतं, आणि मागची बाजू मागेच राहिली असती, शांतपणे, शिस्तीत. सहामाहीचे गुण आकाशातून पडले नव्हते. ते त्यांच्या पाठीमागे बाकाबाकावर, त्यांना न ऐकू येणाऱ्या आवाजात तयार झाले होते. बाई आधी ओशाळल्या आणि मग त्यांना इतकं हसू लोटलं की पाहुणी घाबरली.

मुख्याध्यापिकांनी त्यांना आत बोलावून दार लावलं. बाईंनी सरळ विचारलं, वाचनालयात कुठे बसायचं, गणिताच्या सरांच्या शेजारी का? मुख्याध्यापिका काहीतरी बोलल्या, ते बाईंना ऐकू आलं नाही. मग त्या टेबलावरून पुढे झुकल्या आणि चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, "धोका नको म्हणून मी गणिताच्या सरांना उठवलं. त्यांच्या वर्गाला मी काही विचारलं नव्हतं. तुमच्या वर्गाला विचारायला गेले, तर तो वकील माझ्याशी भांडणार, आणि मला तेवढा वेळ नाही. सोमवारी मशीन लावून या. न लावता आलात तर मात्र मी ऐकणार नाही." बाई म्हणाल्या, "म्हणजे आपण दोघी एकाच नावेत." त्यावर मुख्याध्यापिकांनी हात जोडले. दाराबाहेर आल्यावर बाई जिन्यात थोडा वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

मशीन म्हणजे एक शिक्षाच निघाली. धाकटीने हौसेने बसवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी जग अंगावर धावून आलं. भांडी, रिक्षा, पिशव्यांची सळसळ, स्वतःच्या चपला, पंख्याची कुरकुर. "ताई, आता मी हळू बोलू?" धाकटीने विचारलं. "तुला येतं का?" बाई म्हणाल्या. वर्गात शिरल्या तर काय सांगावं! बाकं खरवडताहेत, कुणी शिंकतंय, कुणी कागद चोळामोळा करतंय, आणि त्या सगळ्याखाली, नदीकाठी गेल्यासारखी एकसारखी कुजबुज. अगं, वर नाही, रेघ खाली जाते. का जाते? सांगते, थांब. त्यांचा हात सवयीने वर आला, गप्प बसा म्हणायला, आणि त्यांनी तो तसाच केसांवरून फिरवून खाली आणला. मग त्या फळ्याकडे वळल्या आणि खडू टेकवला, आणि त्या आवाजाने त्यांना थांबावं लागलं. बारीक, कोरडा, टकटक करत चालणारा. तो अगदी तरुणपणी ऐकला होता तसाच होता. कुजबुजीतूनही ऐकू येत होता. म्हाताऱ्या सरांना सांगायला हवं होतं, ते आता नव्हते.

भोंगा त्या दिवशी परत आली होती, तापाने उतरलेली, पण बसल्या जागी मावत नव्हती. वर्गाने तिला सगळं सांगितलं असणार, मशीनचंही, कारण अख्खा तासभर ती हळूच बाईंच्या कानाकडे बघत होती. तिने एकदाही कुणाचा प्रश्न ओरडून सांगितला नाही. बाईंनीच दोनदा तिला उभं केलं, आणि दोन्ही वेळा ती बेतानेच बोलली, जणू कुणीतरी तिच्या हातातलं काम काढून घेतलं होतं आणि रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. बाई फळ्याकडे तोंड करून शेवटची रेघ ओढत होत्या तेव्हा ती किरटी, उपाशी घंटा झाली. ती त्यांना लख्ख ऐकू आली, अगदी कानाशी. मागची कुजबुज थांबली. बाईंनी मान जराशी वळवून पाहिलं, तर भोंगाचा हात पेटीच्या झाकणावर होता आणि ती वकिलाकडे बघत होती, आता काय करू असं. वकिलाने खांदे उडवले. बाईंनी मान पुन्हा फळ्याकडे वळवली. रेघ पुरी झाली होती, तरी त्यांनी तिच्यावरून खडू पुन्हा वरपासून खाली नेला, हळूहळू, सावकाश, जणू दुनियेत कुठेही घंटा झालेली नाही. बाहेर सातवीची पोरं ओरडत मैदानात पळाली, तीही ऐकू आली. त्यांनी तिसऱ्यांदा खडू वर टेकवला. आणि मग मागून दणका आला, फळ्यांतून, चौथऱ्यातून, चपलांच्या तळव्यांतून थेट पोटरीत, आणि या खेपेला कानातही, असा की मशीनने किंकाळी फोडली. बाई वळल्या, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "घंटा झाली वाटतं. पळा."